पाणी प्यायलेली गाडी

तुमच्या घरात सध्या गाडी घ्यायची बोलणी चालू असतील, तर आमची गोष्ट ऐकाच. आमच्याकडे साडेतीन लाख रुपये होते आणि चार माणसांची चार मतं होती.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेल. माझे सासरेही असेच कोलकात्यात आले आणि बहूबाजारच्या एका गल्लीत मूस आणि भट्टी मांडून बसले. आता ते दुकान आमचे हे बघतात. आम्ही राहतो टॉलीगंजला. हे मेट्रोने सेंट्रलला उतरतात आणि चालत दुकानात जातात. इतकी वर्षं गाडीवाचून आमचं काही अडलं नव्हतं.

अडायला लागलं ते सासूबाईंचं डायलिसिस सुरू झाल्यावर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना मुकुंदपूरच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं. जाताना त्या ताठ बसतात, येताना मात्र अंगात त्राण नसतं. तशा अवस्थेत त्यांना धरून मी फुटपाथवर उभी राहायची, आणि मोबाइलवर बोलावलेला टॅक्सीवाला दोन मिनिटांवर येऊन फेरी रद्द करायचा. पिवळ्या टॅक्सीही आता पूर्वीसारख्या कुठे दिसतात? अँबॅसॅडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली थांबला आणि पंधरा वर्षं झालेल्या टॅक्सी एकेक करून रस्त्यावरून जात चालल्या आहेत.

तेव्हा गाडी घ्यायची हे ठरलं. कोणती, हे ठरत नव्हतं.

ह्यांचं मत, साडेतीन लाखांत जुनी पण मोठी, डिकीवाली गाडी घ्यावी. लेक बारावीत आहे. तिचं मत, छोटी चालेल पण नवीच. सासूबाईंचं मत, कर्ज नको. "हप्त्याची गाडी म्हंजे दारात बांधलेला सावकार. त्येला रोज वैरण घालायची," असं त्या म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या. माझं मत कोणी विचारलं नाही. पण गाडी चालवणार होते मी. मंगळवारी आणि शुक्रवारी हे दुकानात असतात. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं होतं आणि नुकतंच लायसन्स हातात आलं होतं.

२०२५ च्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. छोट्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का उपकर असायचा, तो सगळा मिळून १८ टक्क्यांवर आला. (छोटी म्हणजे इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरच्या आत.) करापूर्वी चार लाखांची गाडी असेल, तर आधी ती पाच लाख सोळा हजारांना पडायची, आता चार लाख बहात्तर हजारांना. म्हणजे चव्वेचाळीस हजारांचा फरक. लेकीने हे गणित वहीच्या मागच्या पानावर मांडून बापाच्या ताटाशेजारी ठेवलं. हे म्हणाले, "दसऱ्याला बघू." दसरा २ ऑक्टोबरला होता.

त्याच रात्री पाऊस सुरू झाला.

कोलकात्यात पाणी तुंबणं नवं नाही, पण ती रात्र वेगळी होती. काही तासांत अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. गडियाजवळच्या कामडहरीत तर ३३२ मिलिमीटरची नोंद झाली. सकाळी आमच्या गल्लीत मांडीभर पाणी होतं आणि दोन्ही बाजूंच्या गाड्यांचे नुसते टप दिसत होते. वीज उतरलेल्या पाण्यात शहरात माणसं दगावल्याच्या बातम्या येत होत्या. वार मंगळवार. सासूबाईंचं डायलिसिस चुकलं. त्यांच्या पायांवरची सूज संध्याकाळपर्यंत वाढत गेली. आम्ही आळीपाळीने त्यांच्या उशाशी बसलो होतो, पाण्याचा घोट मोजून देत होतो. दुसऱ्या दिवशी पाणी घोट्यापर्यंत उतरल्यावर ह्यांनी आणि गल्लीतल्या दोन मुलांनी त्यांना खुर्चीवर बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून नेलं.

त्या रात्री हे म्हणाले, "काही झालं तरी आता गाडी घ्यायचीच." मी काही बोलले नाही. पण दारात गाडी असती तरी त्या रात्री ती बाकीच्यांसारखी पाण्याखालीच असती, हे दोघांनाही कळत होतं. भीतीच्या पोटी माणूस खरेदीला निघाला की काय होतं, ते पुढे सांगते.

दसऱ्याला शोरूममध्ये गेलो. इथे गंमत अशी, की आपण दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, तर बंगाल्यांची वाहनांची पूजा १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेलाच आटोपलेली असते. दसऱ्याला त्यांची देवी विसर्जनाला निघते, सगळी कचेरी-बाजाराची घडी पूजेच्या सुटीत असते. शोरूममध्ये आमच्याशिवाय फारसं कोणी नव्हतं. पाच लाखांच्या आतली गाडी नोंदणी, विमा, रस्त्याचा कर धरून पाच लाख पासष्ट हजारांवर गेली. म्हणजे सव्वादोन लाखांच्या जवळ कर्ज. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता महिना चार हजार सहाशे सत्तर रुपये. व्याज पंचावन्न हजार.

ह्यांनी तिथेच युक्तिवाद केला, की टॅक्सीला महिन्याला साडेचार हजार जातातच, तेच हप्त्याला जातील. ऐकायला बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण गाडी आली की पेट्रोल आलं, दरवर्षीचा विमा आला, सर्व्हिसिंग आलं, उभी करायला जागा आली. टॅक्सीचे पैसे वाचतात ते या सगळ्यात जिरतात. हप्ता त्याच्या वर असतो. तुम्ही हे गणित करत असाल, तर दोन्ही खर्च एकाच रकान्यात लिहू नका. शिवाय साडेतीन लाख सगळेच ओतायचे नव्हते. लेकीची पुढच्या वर्षीची कॉलेजची फी आणि डायलिसिस या दोन गोष्टी थांबणाऱ्या नव्हत्या.

तेव्हा जुनी गाडी. आणि इथे आम्ही फसता फसता वाचलो. खरं तर पुरते वाचलोही नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी ह्यांना एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे पांढरी, डिकीवाली, चार वर्षांची गाडी दिसली. तशा गाड्या चार-सव्वाचार लाखांना जात होत्या, ही तीन लाख दहा हजारांना. आत अत्तराचा घमघमाट, सीटवर नवी कव्हरं, टायरांना काळं पॉलिश. हे हरखून गेले. अहो, हा माणूस दिवसभर कसोटीच्या दगडावर सोनं घासतो. दागिना हातात घेतला की त्यात तांबं किती हे साधारण सांगतो. आणि तो टायरच्या पॉलिशला भुलला! एकवीस हजारांचं टोकन देऊन मोकळे झाले आणि मग घरी फोन केला.

सासूबाईंना घेऊन मी गाडी बघायला गेले. त्या आत बसल्या खऱ्या, पण बाहेर येता येईना. सीट इतकी खाली, की गुडघ्यातून उठायला जोरच मिळेना. व्यापाऱ्याने आणि मी दोन्ही बगलांत हात घालून काढलं. घरात म्हातारं माणूस असेल तर हे आधी करा. माणूस बसवून बघा आणि उठवूनही बघा. मोठी गाडी म्हणजे सोयीची गाडी, हा आमच्या घरातला समज त्या दिवशी संपला.

तरी टोकन गेलं होतं. म्हणून मी मल्लिक बाजारातल्या एका मेकॅनिकला हजार रुपये देऊन तपासायला आणलं. मल्लिक बाजार म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं कोलकात्यातलं मोठं ठिकाण, सर्क्युलर रोडवर. जाता जाता एक सांगते. १७४२ साली आपल्या मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने या शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. त्याच रस्त्यावर एक मराठी बाई हजाराचे आठशे करा म्हणून घासाघीस करत होती. आठशे काही झाले नाहीत.

त्या मेकॅनिकने इंजिनाकडे आधी बघितलंच नाही. त्याने ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा भाग स्वच्छ होता. आत गुंडाळलेला राहतो तो शेवटचा हातभर पट्टा मातकट होता आणि त्यावर पाण्याची सरळ रेघ होती. मग त्याने पायाखालचा गालिचा उचलून खालच्या फोमवर बोट दाबलं. डिकीतलं जादा चाक काढून खालच्या खळग्यात हात घातला, बोटांना वाळू लागली. सीटखालच्या बोल्टना गंज होता. चार वर्षांच्या गाडीत तो इतका नसतो. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जॉल खेयेछे, दीदी." पाणी प्यायलीय.

२३ सप्टेंबरला अशा किती गाड्या पाणी प्यायल्या असतील कोण जाणे. त्या वाळवून, चकचकीत करून कुठे ना कुठे विकल्या जाणारच. पाणी उतरलं की इंजिन सुरू होतं, गाडी पळते, पण वायरींच्या जोडांत, सेन्सरमध्ये, एअरबॅगच्या यंत्रणेत शिरलेला ओलावा सावकाश आपलं काम करत राहतो. दोन-चार महिन्यांनी आज काच खाली जात नाही, उद्या दिवे लागत नाहीत, असं सुरू होतं. आणि पाण्यात बुडालेली गाडी कोणी चावी फिरवून सुरू करायचा प्रयत्न केला असेल, तर इंजिनात शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, आतला दांडाच वाकतो. तो खर्च विम्याच्या साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं. मुंबई, पुणे, कोल्हापूर, सांगली, तुम्ही कुठेही राहत असा, पुराच्या नंतरच्या सहा महिन्यांत स्वस्त मिळणारी गाडी बघायला जाल तेव्हा तो सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. फुकट असतं.

टोकन मागायला गेलो तर व्यापारी म्हणाला, पावतीवर "परत मिळणार नाही" लिहिलंय. लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात. तासभर बोलाचाली होऊन अकरा हजार हातावर ठेवले, दहा बुडाले. "तपासणीत पसंत पडली तरच" हे चार शब्द पावतीवर आधी लिहून घेतले असते तर दहा हजार वाचले असते. हे घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "सोनं आसतं तर वळखलं आसतं त्यानं." त्यांनी हे दिलासा म्हणून म्हटलं की टोमणा म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

मग गाडी सापडली ती आमच्याच बिल्डिंगमध्ये. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बंगाली गृहस्थ आणि त्यांची बायको राहतात. आम्ही त्यांना काकू आणि काकीमा म्हणतो. हो, बंगालीत काकू म्हणजे काका! गावाकडून आलेल्या सासूबाईंना पहिल्यांदा "काकू आले" असं सांगितलं, तेव्हा त्या पदर सावरून बाईमाणसाची वाट बघत बसल्या होत्या. काकूंना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी आता गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांची २०१९ ची उंच बांध्याची छोटी पेट्रोल गाडी, एकतीस हजार किलोमीटर चाललेली. एक व्यापारी त्यांना दोन लाख चाळीस हजार द्यायला तयार होता. तीच गाडी त्याने पुढे तीन लाख वीस हजारांना विकली असती.

मी विचारलं, "काकू, सप्टेंबरात ही कुठे होती?" म्हणाले, महालयाच्या दिवशीच आम्ही पूजेसाठी लेकीकडे जमशेदपूरला गेलो होतो. शेजाऱ्यावर अविश्वास दाखवायचा कसा, म्हणून मी गप्प बसले. पण एकदा पोळले होते. काकूंच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी मोबाइल काढून फास्टॅगचा हिशोब दाखवला. २१ सप्टेंबरला धुलागडच्या टोलनाक्यावरून गाडी बाहेर पडलेली, ऑक्टोबरात परत आलेली. मला ओशाळल्यासारखं झालं आणि सुटल्यासारखंही. सीटबेल्ट मात्र मी तरीही ओढला.

शेजाऱ्याकडून गाडी घ्यायचा मोठा धोका असा, की गिअर अडकला तर बोलणं अडकतं. रोज जिन्यात भेटणारी माणसं. म्हणून मल्लिक बाजारच्या त्याच मेकॅनिकला पुन्हा हजार रुपये दिले आणि त्याने सांगितलेलं सगळं काकूंसमोरच कागदावर लिहिलं. टायर सहा वर्षांचे. टायरवर चार आकडी छाप असतो, ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा, हे मला तेव्हा कळलं. नक्षी शिल्लक होती, पण रबर कडक झालेलं. बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. क्लचप्लेट बदलायला आलेली. आणि पेट्रोलच्या नळ्या बदलून घ्या, म्हणाला, कारण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि २०२३ च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नसतात, रबर लवकर खराब होतं. सगळं मिळून चौतीस हजार. काकूंनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि स्वतःच पंधरा हजार कमी केले. तीन लाखांवरून दोन लाख पंच्याऐंशी हजार. खासगी माणसाने खासगी माणसाला विकलेल्या गाडीवर जीएसटी नसतो. व्यापाऱ्याच्या नफ्यावर तो १८ टक्के असतो आणि शेवटी आपल्याच खिशातून जातो.

कागदपत्रांवरून मात्र थोडं ताणलं गेलं. काकू म्हणाले, "नावावर करायची घाई काय? आपण घरचेच." त्यांना बेलतलाच्या कचेरीत खेपा घालायचा कंटाळा होता. पण मी ऐकलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलंय, की गाडी हातात कोणाच्याही असो, अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीवर ज्याचं नाव, तोच मालक. म्हणजे मी कुठे धडकले तर नोटीस काकूंना. हे सांगितल्यावर काकीमा स्वयंपाकघरातून ओरडल्या आणि काकू दुसऱ्या दिवशीच फॉर्म २९ आणि ३० वर सही करायला तयार झाले. विम्याचंही तसंच. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. आणि क्लेम न केल्याबद्दल मिळणारी विम्यातली सवलत गाडीबरोबर येत नाही, ती जुन्या मालकाचीच राहते. काकूंची पन्नास टक्के होती. आमची शून्यापासून सुरू झाली, फरकाचे पैसे भरावे लागले. हे मी हिशोबात धरलंच नव्हतं.

म्हणजे दोन लाख पंच्याऐंशी हजारांची गाडी दुरुस्ती, विमा, नावबदल धरून तीन लाख तीसच्या घरात गेली. बँकेत वीस हजार उरले, पण हप्ता नाही.

नवी गाडी घेणं चूक, असं मला मुळीच म्हणायचं नाही. रोज पन्नास-साठ किलोमीटर जाणं-येणं असेल, ओळखीचा मेकॅनिक नसेल, रस्त्यात बंद पडलेली गाडी परवडणारच नसेल, तर कर्ज काढून नवी घ्यावी. आमची गाडी महिन्याला तीनशे किलोमीटर धावते. शिवाय माझा हात नवा. पहिल्याच आठवड्यात मी बिल्डिंगच्या खांबाला डावा दरवाजा घासला. नव्या गाडीला घासला असता तर जेवले नसते.

पण लेकीने एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. ती म्हणाली, "आई, आता छोट्या नव्या गाड्यांतही सहा एअरबॅग येतात. आपल्या गाडीत दोनच आहेत. तू आज्जीला पुढे बसवतेस. मागे मी असते." मी हळू चालवते, एवढंच सांगू शकले. ती म्हणाली, "समोरचा हळू चालवतो का?"

डिसेंबरात गाडी ताब्यात आली तेव्हा दसरा नव्हता, पाडवा नव्हता. सासूबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, काकीमांनी बॉनेटवर शेंदराचं स्वस्तिक काढलं. त्यानंतरच्या शुक्रवारी मी पहिल्यांदा मुकुंदपूरला गाडी नेली. बायपासवर हात घामेजले होते. चार तासांनी सासूबाई बाहेर आल्या, दार उघडून पुढच्या सीटवर स्वतः टेकल्या, मान मागे टाकली आणि घरी येईपर्यंत झोपल्या. टॅक्सीत त्या कधी झोपल्या नव्हत्या. बिल्डिंगपाशी पोहोचल्यावर काकू खाली उभे होते. गाडीच्या आवाजावरून त्यांना कळलं म्हणे. "तिसरा गिअर उशिरा टाकतेस," एवढंच बोलले.

आता पावसाळ्याच्या आत एक काम उरलंय. आमच्या गल्लीत पाणी भरतं आणि गाडी तिथेच उभी असते. टॉलीगंज भागात जून ते ऑक्टोबर गाडी ठेवण्यापुरती उंचावरची जागा भाड्याने मिळत असेल आणि तुमच्या कोणाच्या माहितीत असेल, तर जरूर कळवा.